वंदे भारत, तेजस की जनशताब्दी? मुंबई–मडगावच्या पहाटेच्या तीन गाड्या

मुंबईहून कोकणात किंवा गोव्याला दिवसा, एसीत बसून जायचं ठरलं की सीएसएमटीवरून पाऊण तासाच्या आत सुटणाऱ्या तीन गाड्या समोर येतात. पावसाळा सोडून एरवीच्या वेळापत्रकात जनशताब्दी ५.१० ला, वंदे भारत ५.२५ ला आणि तेजस ५.५० ला निघते. तिन्ही दादर, ठाणे, पनवेल घेतात आणि मडगावपर्यंत जातात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘लवकर कुठली पोचते?’ माझ्या मते त्याआधी उतरायचं कुठे हे बघावं.

वंदे भारत पनवेलनंतर खेड, रत्नागिरी, कणकवली, थिवीम आणि थेट मडगाव. दापोलीकराला खेड सोयीचं, देवगडला जाणाऱ्याला कणकवली, म्हापसा किंवा कळंगुटकडे निघालेल्याला थिवीम. पण चिपळूण नाही, कुडाळ नाही. मालवण-वेंगुर्ल्याची माणसं कुडाळला उतरतात. त्यांनी वंदे भारतने कणकवलीला उतरून पुढे गाडी शोधायची म्हणजे वाचवलेला वेळ रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यात घालवायचा. त्यांना तेजस किंवा जनशताब्दी बरी. चिपळूण-गुहागरला जनशताब्दी. पणजीला जायचं तर जवळचं स्टेशन करमळी, तिथे तेजस थांबते. रत्नागिरीला तिन्ही थांबतात, त्यामुळे रत्नागिरीकरांना खरी निवड आहे.

आता वेग. वंदे भारत मडगावला दुपारी १.१० ला पोचते, म्हणजे पावणेआठ तास. बाकी दोघींना साधारण तासभर जास्त लागतो. ताशी १६० किलोमीटर धावू शकणारी गाडी इथे सरासरी पंचाहत्तरच्या आसपास का चालते, तर कोकण रेल्वेचा मार्ग रोहा–वीर हा तुकडा सोडला तर मुख्यतः एकेरी आहे. समोरून गाडी आली की कुणीतरी क्रॉसिंगला थांबायचंच. त्यात वळणं, बोगदे, दऱ्यांवरचे पूल. गाडी कितीही आधुनिक असली तरी रूळ तेच.

पावसाळ्यात तर हा फरकही जवळपास विरघळतो. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत मान्सून वेळापत्रक लागतं, दरडींच्या भीतीने वेग उतरवला जातो आणि वंदे भारतलाही दहा तासांच्या आसपास लागतात. एरवी शुक्रवार सोडून सहा दिवस धावणारी ही गाडी तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस असते. तेजस तर एरवीही रोज नसते. गणपती याच काळात येतात हे लक्षात ठेवा. जनशताब्दीचा मोठा गुण तिथे कळतो: ती रोज आहे.

बसण्याचं म्हणाल तर एसी चेअर कार तिन्हीकडे तीन-दोन अशीच. वंदे भारतमध्ये साध्या चेअर कारच्या खुर्च्या फिरत नाहीत आणि निम्म्या उलट्या दिशेला असतात. ज्यांना उलटं बसून मळमळतं त्यांनी हे आधीच गृहीत धरावं. तिच्या महागड्या एक्झिक्युटिव्ह वर्गात दोन-दोन आणि फिरत्या खुर्च्या. २०१७ च्या मे महिन्यात तेजस सुरू झाली तेव्हा खुर्चीमागच्या स्क्रीनचं फार कौतुक होतं. पहिल्याच फेरीत हेडफोन पळवले गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ते कौतुकही ओसरलं.

खरी चैन आहे विस्टाडोमची. काचेचं छत, मोठ्या खिडक्या, कुठेही वळवता येणाऱ्या खुर्च्या आणि टोकाला उभं राहून बघायची जागा. हा डबा २०१७ पासून जनशताब्दीला आहे, २०२२ मध्ये तेजसलाही लागला. वंदे भारतला नाही. भाडं एक्झिक्युटिव्हच्या पट्टीतलं. पण रत्नागिरीच्या अलीकडचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा संपला की दरी अचानक उघडते, पुढे पानवल नदीचा पूल येतो, आणि पावसात सगळं हिरवंगार. पहिल्यांदाच कोकण बघायला निघालेल्याने, शक्य असेल तर, पैसे इथे घालावेत. एक्झिक्युटिव्हच्या रुंद खुर्चीत नाही.

पैशांचा अंदाज यावा म्हणून सांगतो: २०२३ मध्ये वंदे भारत सुरू झाली तेव्हा सीएसएमटी–मडगाव चेअर कारला १,८१५ आणि एक्झिक्युटिव्हला ३,३६० रुपये होते, जेवणासकट. बुकिंग करताना जेवण नको म्हटलं तर रक्कम कमी होते. घरून पोळी-भाजी नेणाऱ्यांनी तो पर्याय जरूर निवडावा. जनशताब्दीत एसी चेअर कारशिवाय साधे सेकंड सीटिंगचे डबे आहेत आणि ते कितीतरी स्वस्त. डिसेंबर-जानेवारीत एसीची गरजही वाटत नाही.

आजी-आजोबांना घेऊन जायचं असेल आणि इतके तास बसवणार नसेल, तर या तिघींचा नाद सोडा. रात्री कोकणकन्येच्या टू-टायर किंवा थ्री-टायर एसीत लोअर बर्थ मिळतो का ते पाहा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. वंदे भारत एरवी आठच डब्यांची आहे, त्यामुळे सणासुदीला आधी तिचा नंबर लावून बघा, आणि वेटिंग दिसलं तर लगेच जनशताब्दीकडे वळा.