भोगीची पिशवी आणि रविवारचा शेतकरी बाजार

भोगीची भाजी ही माझ्या मते कुठल्याही बाजाराची परीक्षा असते. पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगी, घेवडा, बोरं, उसाचे करवे, यातलं एक जरी राहिलं तरी मला सासूबाईंच्या फोटोकडे बघवत नाही. यंदा मंडईत न जाता सगळी पिशवी आमच्या भागातल्या मैदानावर रविवारी भरणाऱ्या शेतकरी बाजारातून भरली. फक्त बोरं तेवढी पुड्याएवढीच मिळाली, तीही जरा किडकी. पुण्यात राहून आठ महिने इथे जातेय, आता मत द्यायला हरकत नाही.

आधी एक सांगते, स्वस्त मिळेल म्हणून जाऊ नका. पालेभाजी दारावरच्या गाडीपेक्षा दोन-तीन रुपये कमी, मटार जवळजवळ त्याच भावात, आणि वांगी कधी कधी महागच. पण ती भरताची वांगी चुलीवर, म्हणजे आमच्या गॅसवर, भाजली की साल आपोआप सुटतं आणि आत बियांचा चोथा नसतो. दारावरच्या वांग्यात मी निम्मं फेकायचे. मग महाग कुठलं?

मी बँकेत कॅशिअर होते, मोजायची खोड जात नाही. एकदा साखरेची किलोची बंद पुडी घेऊन गेले आणि पाच जणांच्या काट्यावर ठेवून पाहिली. तीन काटे चोख. एक चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता, त्याच्याकडे मी परत गेले नाही. आणि पालेभाजीवाल्या मावशींचा काटा तर तीस ग्रॅम कमी दाखवत होता, बाई स्वतःचंच नुकसान करून घेत होत्या! सांगितलं तर म्हणाल्या, "जाऊ द्या काकू, तुमच्याच पोटात जातंय की."

पुरंदरहून येणारा एक तरुण मटार आणि मेथी आणतो. त्याला विचारलं, एवढ्या पहाटे टेम्पो घेऊन इथे कशाला येतोस, मार्केट यार्ड काय वाईट? म्हणाला, "यार्डात मेथी शेकड्यानं जाते. भाव पडला की शंभर जुड्यांत गाडीभाडं पण निघत नाही. इथं जुडी पंधराला, आणि पंधरा हे मी ठरवलेलं." २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर निघाला, आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापायची बंद झाली. त्याच वर्षी सावता माळींच्या नावाने सरकारची आठवडे बाजारांची योजनाही आली. हे मी पेपरात वाचलं होतं, पण त्या "मी ठरवलेलं"मध्ये जो ताठा होता तो पेपरात कुठला?

आता तक्रार. इथला प्रत्येक जण शेतकरी नाही. एका टेबलावर सफरचंद, किवी, ढोबळी मिरचीचे तिन्ही रंग आणि वर "थेट शेतातून" अशी पाटी. कुठल्या शेतातून, दादा? मी पहिल्या महिन्यात त्याच्याकडूनच "गावरान" लसूण घेतला, घरी फोडला तर निम्म्या पाकळ्या पोकळ. तेव्हापासून माझा एकच प्रश्न, पेरा कधी केला होता? खरा माणूस तिथीवार सांगतो, वर यंदाच्या थंडीवर पाच मिनिटं बोलतो. दुसरा म्हणतो, "ताजंच आहे मॅडम."

मावळातल्या एका काकांकडून इंद्रायणी तांदूळ घेते. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं, १९८७ सालचं, आंबेमोहराच्या घराण्यातलं. शिजताना वास शेजारी जातो. मला दहा किलो हवा होता, तर काकांनीच अडवलं, "नवा हाय, चिकट होईल. आत्ता दोन न्या, पाणी कमी घाला. जुना झाला की बाकीचा आणतो." गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही. तरी मी नेहमीएवढं पाणी घातलं आणि भाताचा गोळा झाला, ती चूक माझी.

जायचं तर साडेसातच्या आत. दहानंतर उरतो तो कोबी आणि किवी. गाडी लावायला जागा नाही, पिशव्या आपल्या न्या, सुटे पैसेही न्या, कारण निम्म्या मावशींचा स्कॅनरचा कागद मुलाच्या नावावर असतो आणि पैसे आले की नाही हे मुलाला फोन करून विचारतात. मागे तोवर रांग.

हुरडा यंदा अजून आलेला नाही. पुढच्या रविवारी गुळभेंडी ज्वारीचा आणतो असं काकांच्या शेजारी बसणाऱ्यांनी कबूल केलंय. दीड किलो सांगून ठेवलाय, शेंगदाण्याची चटणी आजच कुटली.