जुन्या डीआय पिकअपचं पंप टायमिंग: मिक्सर ओढून आलेला अनुभव

माझ्या डीआय (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं इंजिन) पिकअपचा डिझेल पंप ओव्हरहॉल करून आणला आणि गाडीची ओढच गेली, तिथून हा विषय सुरू झाला. मोकळी गाडी ठीक पळायची. मागे लिफ्टवाला काँक्रीट मिक्सर जोडून पुणे-सासवड रस्त्यावरच्या दिवे घाटात शिरलो की पायथ्याचं वडकी सोडल्यावर दुसऱ्या गिअरवरही दम टाकायची. सकाळी स्टार्ट केली की डोळे झोंबतील असा पांढरा धूर. पंपवाल्याकडे गेलो तर म्हणे, "इंजिन कामाला आलंय, बांधून घ्या." टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल नेमकं कधी पडायचं ते, कशावर लावलं विचारलं, तर आवाजावर! कॅलिब्रेशनचे (पंप मशीनवर तपासून डिझेलचं माप जुळवण्याचे) पूर्ण पैसे घ्यायचे आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटचं काम कानावर सोडायचं, याचा मला आजही राग आहे.

इंजिन न बांधता आधी डायल (बारीक सरक मोजणारं काट्याचं मीटर) लावून टायमिंग बघणारा मिस्त्री शोधला. रोटरी पंपाच्या मागे, चार पाइपांच्या मधोमध एक बोल्ट असतो. तो काढून तिथे अडॅप्टर आणि डायल गेज बसवायचा. क्रँक पान्याने हळूहळू उलटा फिरवायचा, काटा उतरत उतरत जिथे थांबेल तिथे शून्य करायचं. मग सरळ फिरवून एक नंबर सिलिंडर टॉपवर (पिस्टन सगळ्यात वर) आणायचा. तोवर प्लंजर, म्हणजे पंपातला डिझेल दाबणारा दांडा, जितका उचलला गेला, तो मिलिमीटरमधला आकडा म्हणजे तुमचं टायमिंग. माझा मॅन्युअलपेक्षा बराच कमी निघाला. म्हणजे डिझेल उशिरा पडत होतं. इंजिनाचा काही दोष नव्हता.

पाइपांचे आणि पंप इंजिनाला धरून ठेवणाऱ्या फ्लँजचे नट सैल करून, शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेला पंप वळवला की टायमिंग ऍडव्हान्स होतं, म्हणजे डिझेल लवकर पडतं. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे पंपावरचा १ अंश क्रँकवर २ अंश होतो. अंदाजाने ढकलायची ही जागाच नाही.

मिस्त्रींनी पहिल्यांदा कंपनीच्या आकड्याच्या ०.१० मिमी पुढे ठेवलं. धूर गेला, ऍक्सिलरेटर दाबला की गाडी उठायला लागली. तेव्हा भेटेल त्याला मी ऍडव्हान्स करून घे म्हणायचो. आता तसं सरसकट सांगणार नाही. उन्हाळ्यात मिक्सर घेऊन घाट चढताना, इंजिन कमी फेऱ्यांवर आलं की टणटण ठोका यायला लागला. टायमिंग आपोआप पुढे नेणारा पंपातला ऍडव्हान्स पिस्टन आतल्या डिझेलच्या दाबावर सरकतो आणि तो दाब फेऱ्यांबरोबर वाढतो. फेऱ्या पडल्या की त्याची मदत कमी होते, मग तुम्ही नटांवर जे बांधलंय त्याचाच भरवसा. ते जास्त पुढे असेल तर इंजिनाचा पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, आणि मार हेड गॅस्केटला, बेअरिंगला बसतो. उशिरा असेल तर जळणं लांबतं आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. ओढणाऱ्या गाडीला दोन्ही वाईट.

निम्मं मागे आणलं, कंपनीच्या आकड्याच्या ०.०५ मिमी पुढे. ठोका बंद, धूर नाही, आणि घाटात पूर्वी पहिला टाकावा लागायचा त्या वळणावर दुसरा टिकतो. माझ्या कामासाठी हेच बरोबर. मिक्सर मागे असताना ऍव्हरेज फारसं बदललं नाही. त्यासाठी खर्च करणार असाल तर करू नका. पीयूसीत धूर बघतात, त्यात आता अडचण येत नाही.

ओढ नाही म्हणून कुणी डिझेलचा स्क्रू आत घेऊन देत असेल, तर आधी थांबवा. त्याने काळा धूर आणि तापमान वाढतं, टायमिंग आहे तिथेच राहतं.

टायमिंग केल्यावर चार-पाच दिवसांनी पाइपांचे नट हात फिरवून बघा, माझा एक पाझरत होता. पंप उतरवण्याआधी फ्लँजवर छिन्नीची खूण करून घ्या. आणि बसवल्यावर डायलचा आकडा बिलावर लिहून मागा. लिहून देणार नसेल त्याच्याकडे पंप देऊ नका.