अ‍ॅटॉमिक स्वॅप की ब्रिज?
बिटकॉइन देऊन लाइटकॉइन घ्यायचे असेल आणि घाई नसेल, तर अ‍ॅटॉमिक स्वॅपच बरा, म्हणजे दोन वेगळ्या ब्लॉकचेनवरील नाण्यांची थेट अदलाबदल, जी दोन्ही बाजूंनी पूर्ण होते किंवा अजिबात होत नाही. मध्ये तिसरा कोणी नसतो. गुपित (एक संख्या) निवडणारा त्या गुपिताच्या हॅशखाली (गुपितावरून काढलेला ठसा, ज्यावरून गुपित ओळखता येत नाही) आपले बिटकॉइन समजा 48 तासांसाठी अडकवतो, समोरचा त्याच हॅशखाली लाइटकॉइन 24 तासांसाठी. मुदतीत गुपित दाखवून कोणी नाणी उचलली नाहीत, तर मूळ मालक ती परत घेऊ शकतो. पहिल्याने लाइटकॉइन उचलताच गुपित उघड होते, त्यानेच दुसरा बिटकॉइन सोडवतो. मुदती उलट्या असतील तर पहिला दोन्ही नाणी लाटू शकतो, हे आधी तपासाच. भाव फिरल्यावर पहिल्याने माघार घेतली, तर दुसऱ्याचे पैसे मुदत संपेपर्यंत अडकतात.

ब्रिज म्हणजे एका ब्लॉकचेनवर नाणी ठेवून घेऊन दुसरीवर त्यांच्या बदली नाणी देणारी सेवा. ती सोपी, बहुधा जलदही. पण ठेवलेली मूळ नाणी चावीधारकांच्या (ती हलवायला सही करणारे गुप्त कोड ज्यांच्याकडे, त्यांच्या) भरवशावर. 2022 मध्ये रोनिन ब्रिजच्या 9 पैकी 5 चाव्या चोरांना मिळाल्या आणि 1,73,600 इथर (इथेरियमची नाणी) गेले.