मेटोप्रोलॉल: गुणकारी गोळी, पण मुख्य सूचना बारीक अक्षरांत

उच्च रक्तदाब आणि छातीतील धडधड यांसाठी मी मेटोप्रोलॉल सक्सिनेटची, दिवसातून एकदा घ्यायची आणि पोटात सावकाश विरघळणारी गोळी दीर्घकाळ घेतली. सुरुवातीचा थकवा आणि हातापायांचा गारठा सोडला, तर तिच्या गुणाबद्दल माझी तक्रार नाही. आक्षेप आहे तो वेष्टनावर. ही गोळी अचानक बंद करू नये, ही सर्वांत महत्त्वाची सूचना घडी घातलेल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दडलेली आहे. रोज हाताळल्या जाणाऱ्या पट्टीवर तिचा मागमूसही नाही.

मेटोप्रोलॉल ज्यात मोडते, त्या बीटा-ब्लॉकर गटातील औषधे ताणाच्या वेळी शरीरात स्रवणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरील परिणाम अडवतात. हा अडथळा दीर्घकाळ राहिला, की शरीर अ‍ॅड्रेनलिनला प्रतिसाद देणारे पेशींवरील ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, वाढवते, आणि गोळी एकाएकी थांबली, की या वाढलेल्या रिसेप्टरांमुळे हृदयाचा प्रतिसाद पूर्वीपेक्षाही तीव्र होतो. नाडी जोरात धावते, रक्तदाब चढतो, घाम फुटतो; ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, त्यांना छातीत दुखू लागते आणि हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. बरे वाटते म्हणून गोळी सोडणाऱ्यांना हा धोका कळायलाच हवा.

माझे औषध डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवले. यासाठी साधारणपणे 1 ते 2 आठवडे लागतात, काहींना त्याहून अधिक. इथे या गोळीची रचना उपयोगी पडते: मधल्या खाचेवर तिचे दोन सरळ तुकडे होतात आणि अर्धी गोळीही सावकाशच विरघळते, मात्र ती चावली किंवा कुटली, तर हा गुण नाहीसा होतो. त्या काळात जड व्यायाम टाळून नाडी आणि रक्तदाब यांची नोंद ठेवावी, आणि छातीत दुखल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

पट्टी संपण्यापूर्वी पुढची आणून ठेवावी. एखादी मात्रा चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली तरी गोळी आपल्या मनाने थांबवू नये. भूलतज्ज्ञांना ती चालू असल्याचे आवर्जून सांगावे. थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय असलेल्यांनी अधिक जपावे, कारण औषध अचानक थांबल्यास दबलेली लक्षणे उफाळून येतात. सोबत क्लोनिडिन हे रक्तदाबाचे दुसरे औषध चालू असेल, तर दोन्ही औषधे बंद करताना बीटा-ब्लॉकर आधी उतरवतात आणि काही दिवसांनंतरच क्लोनिडिन हळूहळू कमी करतात. हा क्रम डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावा.