कर्जफेडीचा पेड प्लॅन, सव्वा वर्षानंतर: गणित बरोबर, तारीख चुकीची

पाचपैकी तीन स्टार. सप्टेंबरात विचारलं असतं तर एकही दिला नसता आणि दिवाळीनंतर विचारलं असतं तर चार दिले असते, म्हणून मुद्दाम थांबून लिहितेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, रिफंडवरून त्यांच्याशी लेखी भांडण झालंय आणि मला परत त्यात पडायचं नाही. मॉडेल माहितीच असेल, ते तुमच्या कार्डांची थकबाकी बघतात, कुणाला किती द्यायचं ते ठरवतात, दर महिन्याला तुमच्या खात्यातून एकच रक्कम ओढतात आणि पुढे बँकांना वाटतात. फी महिना ९९९ अधिक जीएसटी, म्हणजे ११७८ रुपये ८२ पैसे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमची परिस्थिती थोडक्यात: माझ्या कार्डावर १,२०,०००, नवऱ्याच्या कार्डावर ८२,०००, शिवाय ३ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी ३६ महिन्यांचं, हप्ता १०,२५३. आणि फ्रीजचा नो कॉस्ट ईएमआय. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि त्याच वर्षी नवऱ्याची नोकरी काही महिने नव्हती, एवढं पुरे.

पहिल्यांदा बाणेरला त्यांच्या ऑफिसात गेलो तेव्हा जो मुलगा भेटला तो सेल्सचा. तो मला सारखा "मॅम, सेटलमेंट करू, हप्ते थांबवा, बँक दमली की निम्म्यात मिटवून देतो" असं सांगत होता. मी म्हणलं, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या रेकॉर्डवर, काय दिसणार? तर "स्कोअर काय, वाढतो परत". अहो, खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि तो बरीच वर्षं तिथे बसून राहतो, उद्या धायरीचं भाड्याचं घर सोडून स्वतःचं बघायचं म्हणलं तर होम लोनवाला पहिल्यांदा तेच वाचणार. मी उठायलाच लागले तेव्हा आतून एक काउन्सेलर ताई आल्या आणि म्हणाल्या की पूर्ण परतफेडीचाही प्लॅन असतो. असतो तर आधी का नाही सांगत? सेटलमेंटमध्ये कंपनीला कमिशन जास्त, असा माझा अंदाज.

ताईंनी पहिल्या दिवशी एका कागदावर जे मांडलं त्यासाठी मात्र मी एक स्टार आंधळेपणाने देते. मिनिमम ड्यू भरला की कर्ज संपत नाही हे सगळ्यांना माहीत असतं पण आकडा कोणी घालून दाखवत नाही. माझ्या कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे १,२०,००० वर ४,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६, झाले ४,९५६. मिनिमम ड्यू ५ टक्के म्हणजे ६,०००. म्हणजे मी सहा हजार भरायचे आणि मुद्दल कमी होणार १,०४४ ने. आणि थकबाकी असली की नवीन खरेदीला ते पन्नास दिवसांचं बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, दुधाचं बिल कार्डावर दिलं तरी त्या दिवसापासून व्याज. आता तीच १,२०,००० बँकेकडून १८ टक्क्यांनी २४ महिन्यांच्या ईएमआयमध्ये बदलून घेतली तर हप्ता येतो ५,९९१. तेच सहा हजार! व्याजावर जीएसटी वेगळा, पहिल्या महिन्याला ३२४ रुपये, तो कमी होत जातो. पण दोन वर्षांत संपतं. बँकेच्या ॲपमध्ये हा पर्याय आधीपासून होता आणि आम्हाला रोज येणारे मेसेज होते लिमिट वाढवून घ्या म्हणून.

नवऱ्याच्या कार्डाला बँकेने ईएमआय नाकारला कारण त्यावर आधी उशीर झालेला. मग त्यावर महिना ८,००० ठरले. इथे आमचं ताईंशी पहिलं वाजलं. त्यांचं म्हणणं आधी फ्रीजचा हप्ता जास्तीचे पैसे घालून संपवून टाका, एक कर्ज गेलं की मोकळं वाटतं. मला कशाला मोकळं वाटायला पाहिजे? नो कॉस्ट आहे, त्याचं जे काय व्याज असेल ते दुकानदाराने डिस्काउंटमध्ये आधीच घातलंय, आता लवकर भरून मला एक रुपया सुटणार नाही आणि तिकडे कार्डावर वर्षाला ४२ टक्के चढतायत. काही लोकांना छोटं आधी संपवलं की हुरूप येतो म्हणे, येत असेल. आमच्या घरात हुरूप व्याज कमी झालं की येतो.

असो. आता तारीख.

कंपनी पैसे ओढते ५ तारखेला. माझा पगार होतो ७ ला. भोसरी-चाकण पट्ट्यात कुठल्याही लहान कंपनीत विचारा, पगार सातलाच होतो, १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्यात हजारपेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत असं लिहिलेलं होतं आणि मालक लोकांनी "आत" हा शब्द सोडून बाकी सगळं पाळलं. म्हणजे पुण्यातला अर्धा नोकरदार सात तारखेवाला आणि कर्जात असलेल्या लोकांसाठी बनवलेल्या प्लॅनची तारीख पाच! पहिल्याच मीटिंगला मी विचारलं, १० करा. "सिस्टिममध्ये ५ किंवा २० आहे." वीस तारखेला आमच्या खात्यात काय असतं ते मी इथे सांगत नाही. म्हणजे दर महिन्याला मागच्या पगारातले साडेपंधरा हजार (दोन्ही कार्डांचे हप्ते आणि फी मिळून) ५ तारखेपर्यंत हात न लावता बाजूला ठेवायचे. ज्याला हे जमतं त्याला तुमचा प्लॅन कशाला लागेल?

जुलै, ऑगस्ट जमवलं. सप्टेंबरात गणपती, मुलीची सहामाही फी, आणि ५ तारखेला नॅच (खात्यातून आपोआप पैसे ओढायची सोय) बाउन्स. माझ्या बँकेने घेतले ५०० अधिक जीएसटी म्हणजे ५९०, कंपनीने 'रिटर्न चार्ज' म्हणून ५९०, एकूण ११८०. बघा, महिन्याच्या फीपेक्षा १ रुपया १८ पैसे जास्त. दोन दिवस पुढे तारीख असती तर हे ११८० वाचले असते, आणि हे मी त्यांना जूनमध्ये सांगितलं होतं, माझ्याकडे मेल आहे.

कार्डांची ड्यू डेट ८ होती. पगार झाल्यावर मी ९ ला दोन्ही बिलांचे पैसे स्वतःच यूपीआयने भरून टाकले. इथे एक उपयोगाचा नियम: ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच कार्डवाल्यांना लेट फी लावता येते आणि सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोला थकीत कळवता येतं, आरबीआयच्या कार्डांच्या नियमावलीत आहे. त्यामुळे लेट फी नाही लागली. पण नवऱ्याच्या कार्डाचा वसुलीचा फोन ९ लाच सकाळी साडेसातला आला, तो पण सासूबाईंच्या मोबाइलवर. सासूबाईंनी "कुठलं कार्ड?" म्हणून त्या मुलाची अशी उलटतपासणी घेतली की शेवटी त्यानेच ठेवला. मी कंपनीला कळवलं, फी त्याचीच घेता ना, तर तिकीट नंबर मिळाला. मग मीच बँकेला मेल टाकला की आरबीआयचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक वाचा, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही आणि घरच्यांना त्रास द्यायचा नाही. फोन थांबले. ११७९ रुपये कशाचे, हा प्रश्न तेव्हा पडला.

आणि कळस म्हणजे २० तारखेला कंपनीने परत नॅच लावला आणि साडेपंधरा हजार ओढले! कार्डांचे पैसे मी भरलेत हे मी स्क्रीनशॉटसकट कळवलेलं. रिफंड मागितला तर "पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू". माझे पैसे, किराणा या महिन्याचा, आणि ॲडजस्ट पुढच्या. बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी) असती तर आरबीआय लोकपालकडे गेले असते पण ही कंपनी त्यातली नाही, तिथे तक्रार चालत नाही, हे प्लॅन घेण्याआधीच लक्षात ठेवा. शेवटी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवते असं लिहिल्यावर पैसे आले. रिटर्न चार्जचे ५९० आले नाहीत ते नाहीच.

(इथपर्यंतचं तेव्हाच रागात लिहून ठेवलेलं. पुढचं आत्ताचं.)

आता ताईंच्या बाजूने. ऑक्टोबरात त्यांनी स्वतःच्या नंबरवरून फोन केला आणि म्हणाल्या, आमची तारीख हलत नाही पण तुमच्या कार्डांची हलते. कार्डाची बिलिंग सायकल निदान एकदा तरी बदलून द्यायचं बंधन बँकांवर आहे, हे मला माहीत नव्हतं. दोन्ही कार्डांचं बिल २५ ला आणि ड्यू डेट १४ ला करून घेतली, एक पैसा लागला नाही. मग मी पुढचा विचार केला की पैसे भरायची तारीख १४ असेल तर मधल्या माणसाला ५ ला कशाला द्यायचे? नेटबँकिंगमधून नॅचचं मँडेट रद्द केलं आणि भरणा स्वतःकडे घेतला. फी नोव्हेंबरपर्यंत दिली, कारण ताईंचा कागद अजून लागत होता.

तो लागला दिवाळीनंतर. बोनस आणि माझी भिशी एकत्र आली आणि नवऱ्याच्या कार्डावर तेव्हा ६२,००० च्या आसपास होते, म्हणलं भरून कार्डच बंद करू. कस्टमर केअरवाली म्हणाली बिलावरचा आकडा भरा, झालं. ताई म्हणाल्या भरा, पण झालं नाही. बिल २५ चं, तुम्ही भरणार १२ ला, मधल्या अठरा दिवसांचं व्याज अजून बिलात आलेलंच नाही, ते पुढच्या बिलात शेपटासारखं येईल, जीएसटी धरून पंधराशेच्या आसपास, आणि तुम्ही कार्ड संपलं समजून बघितलं नाहीत तर त्यावर लेट फी लागेल. पुढचं बिल आलं १,५१५ चं! मी त्या बाईंना मनातल्या मनात अर्धा स्टार तिथेच वाढवला. त्याच दिवशी भरलं, लगेच बंद करायची लेखी विनंती टाकली. थकबाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर पुढे दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असा नियम आहे. मी तर वाट बघत होते की उशीर व्हावा. वेळेत केलं, काय करणार.

ज्यांना सिबिलची धाकधूक असते त्यांच्यासाठी: पैसे देऊन मंथली रिपोर्ट घेऊ नका. देशात चार ब्युरो आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, प्रत्येकाने वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तीन-तीन महिन्यांनी एकेकाकडून घ्या, वर्षभर पुरतो. कंपनीच्या ॲपमध्ये हाच रिपोर्ट 'प्रीमियम' म्हणून विकतात. स्कोअर चौघांचा वेगवेगळा येतो, घाबरू नका, खाती बरोबर लिहिलीत का तेवढं बघा. नवऱ्याचं बंद कार्ड 'क्लोज्ड' दाखवतंय, ते बघून घेतलं.

घ्यावा का? ज्यांच्याकडे चार-पाच कर्जं आहेत, घरात कोणाला आकडेमोडीचा कंटाळा आहे आणि पगार १ तारखेला होतो, त्यांनी तीन-चार महिन्यांपुरता घ्यावा, कागद मांडून घ्यावा, काउन्सेलर चांगला मिळाला तर त्याला प्रश्न विचारून पैसे वसूल करावेत आणि बाहेर पडावं. सात तारखेवाल्यांनी पहिल्या मीटिंगला तारीख विचारा, फी नंतर. कोथरूडच्या माझ्या नणंदेला मी नुसता आमचा कागद दिला, ती फुकटात तेच करतेय.

माझ्या कार्डाच्या ईएमआयचे नऊ हप्ते राहिलेत. पर्सनल लोनचे बारा. परवा सासूबाई म्हणाल्या, माझी एफडी मोडा आणि ते एकदाचं फेडा, मला तो सकाळचा मुलगा परत नको. मी हिशोब केला: मुद्दल राहिलंय १,१४,००० च्या जवळपास, बारा हप्त्यांत पुढे जाणारं व्याज साधारण ८,८००. फिक्स्ड रेटचं आहे म्हणून फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी फेडल्याचा दंड, ४ टक्के अधिक जीएसटी, म्हणजे ५,३९० च्या आसपास. वाचणार साडेतीन हजार, आणि एफडी मुदतीआधी मोडली की त्यांचं वर्षभराचं व्याज जाणार ते त्याहून जास्त. नको म्हणलं आई, राहू दे, हप्ता १० ला जातो, पगाराच्या नंतर.