चिरेखाणीवरची जिप्सी आणि साडेतीनशेचा फिल्टर

माझी २००४ची मारुती जिप्सी मिरवायला नाही. मालवण तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची जांभ्या दगडाची चिरेखाण आहे. घरापासून नऊ किलोमीटर, त्यातले शेवटचे चार कच्चे. पुढे चिऱ्याचा ट्रक असला की रस्ता दिसत नाही, नुसता लाल ढग दिसतो. पुढचं सगळं त्या ढगावरून ठरलंय, म्हणून हे आधी सांगितलं. ज्यांची गाडी डांबर सोडत नाही त्यांनी माझं म्हणणं निम्मं धरावं.

इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या मूळ फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा खाऱ्या हवेने खाल्ल्या. झाकण सुतळीने बांधून एक पावसाळा काढला आणि मग डोक्यात आलं, इनटेक, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणारा पाइप आणि फिल्टर, आपणच बनवू. एका दुकानातून शंकूच्या आकाराचा लाल कॉटनचा फिल्टर आणला, अठराशे रुपये. त्यावर नाव मोठ्या कंपनीचं होतं, माल कोणाचा ते रवळनाथाला ठाऊक. थ्रॉटल बॉडीपासून (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपासून) अडीच इंची पाइप, टोकाला शंकू, वर स्क्रूने आवळायची जुबली क्लिप. आवाज असा घुमला की तिठ्यावरची पोरं वळून बघायची. महिनाभर मी खूश.

आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून एकच वाक्य टाकलं, "आवाज बरो येता, पण इंजिनाक माती चारतंस मरे." आणि शंकूच्या मागच्या पाइपात आतून पांढऱ्या ग्रीसचा बोटभर पट्टा ओढून दिला. चार दिवस गाडी खाणीवर फिरली. पाइप काढला तर पट्टा गेरूसारखा लाल झालेला. चिमटीत घेऊन चोळला तर करकर. ही करकर सिलिंडरमध्ये पिस्टन रिंगांवर चालू होती.

कॉटनचा फिल्टर मुळातच वाईट, असं म्हणत नाही. त्याला नेमकं, मोजकं तेल लागतं, धुऊन पूर्ण वाळवावं लागतं, आणि रबराची मान घट्ट बसावी लागते. माझ्या शंकूची मान गोंदातूनच सुटलेली होती, त्या फटीतून नखाचं टोक जायचं. तेल लावलेला फोमही धूळ चांगली धरतो, पण आमच्या खाणीवर तो दर आठवड्याला रॉकेलमध्ये धुवावा लागेल. एवढा उत्साह माझ्यात नाही.

मग फिल्टर हवेला किती अडवतो ते मी मापायला बसलो. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी यू आकारात वाकवून फळीवर ठोकली, त्यात निळीचं पाणी, एक टोक फिल्टरच्या मागच्या पाइपला. भाचा फळी मांडीवर घेऊन बाजूला. कसाल ते कुडाळ हायवेवर रिकामा पट्टा बघून तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. जुना डबा टेपने सील करून लावला होता, त्याच्यावर पाण्यात चौदा सेंटिमीटरचा फरक आला, शंकूवर पाच. भाचा म्हणाला, मामा, शंकू जिंकला! आता हिशेब बघा. हवेचा एकूण दाब म्हणजे पाण्याचा साधारण दहा मीटर उंचीचा खांब, त्यातले नऊ सेंटिमीटर वाचले. एक टक्काही नाही. ऐंशी हॉर्सपॉवरच्या इंजिनात पाऊण घोडा, तोही अॅक्सिलरेटर तळाला टेकलेला असतानाच.

आणि तो पाऊण घोडा उष्णतेने कधीच खाल्लेला. फ्रीजवाल्याकडून वायरचा थर्मामीटर आणून शंकूशेजारी बांधला. बाहेर ३३ अंश, आणि ट्रकमागे रांगताना शंकूजवळ ६१. हवा तीन अंशांनी तापली की साधारण एक टक्का विरळ होते. म्हणजे आठ टक्के हवा गेली, एका टक्क्याहून कमी फायद्यासाठी. उघडा शंकू बॉनेटखाली ठेवून "कोल्ड एअर" म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार.

आकाराबद्दलही माझी समजूत चुकीची होती. १२९८ सीसीचं इंजिन सहा हजार आरपीएमला मिनिटाला तेहतीसशे लिटरच्या आसपास हवा ओढतं, म्हणजे हजार लिटरच्या तीन काळ्या टाक्या भरून वर थोडी. ऐकायला खूप वाटतं. पण के अँड एन या फिल्टर कंपनीचं जे सूत्र आहे (घन इंच गुणिले आरपीएम, भागिले २०,८३९) त्याने हिशेब पावणेतेवीस चौरस इंचांचा येतो, म्हणजे चहाच्या मगाएवढा फिल्टर. श्वासाला तेवढा पुरतो. धुळीला पुरत नाही, कारण चुण्यांमध्ये माती साठायला जागा हवी. शंकूच्या चुण्या मोजल्या: ४५, खोली दीड सेंटिमीटर, उंची बारा. उलगडून १६०० चौरस सेंटिमीटर. मिस्त्रींच्या फळीवर डिझेल पिकअपचा उंच गोल कागदी फिल्टर होता, त्याच्या ११० चुण्या, दोन सेंटिमीटर खोल, वीस उंच. ८८०० झाले! पाचपटीहून जास्त, किंमत साडेतीनशे, आणि आमच्या बाजारात कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो. फिल्टर रविवारी संपला तर सोमवारी हातात हवा, कुरिअरची वाट बघत खाण बंद ठेवता येत नाही.

तोच घेतला. कुडाळ एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने त्याला अॅल्युमिनियमचा डबा बनवून दिला, बेचाळीसशे रुपये. कामाबद्दल तक्रार आहे. फिल्टरची रबरी रिंग जिथे दाबून बसते तो तळ त्याने वेल्डिंग करताना वाकवला, वर लोखंडी रिव्हेट मारले. आमच्याकडे पहिल्याच पावसात त्यांच्याखालून तांबडे ओघळ येतात. तळ लेथवर सरळ करून घेतला, रिव्हेट स्टेनलेसचे टाकले. सांगायचं एवढंच की पैसे मोजण्याआधी रिंगेला खडू लावून झाकण दाबून बघा, ठसा पूर्ण गोल उमटला पाहिजे.

हवा कुठून घ्यायची यावर भाच्याचा हट्ट होता, बंपरमागून, थंड मिळते. कोकणात हे करू नये. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीने काय केलं ते आठवा. पूर सोडा, साध्या ओहोळातही बंपरपर्यंत पाणी उडतं. या इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा चाळीसेक सीसी. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे अर्ध्या कटिंगएवढं आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकला समजा. म्हणून पाइप मडगार्डमधून वर काढून पुढच्या काचेच्या खांबालगत नेलाय, तोंड मागे वळवलेलं. डब्याच्या तळाला पाणी गळायला रबरी चोच आहे. आंबोली घाटात भर पावसात दोनदा जाऊन आलो, कागद कोरडा.

नळीवर आता आठ सेंटिमीटर दिसतात, थर्मामीटरवर ३६. आवाज गेला, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. डबा एवढा मोठा की बॅटरी काढायची तर आधी तो सोडवावा लागतो, दहा मिनिटांचं काम. आणि फिल्टर दर आठवड्याला काढून कॉम्प्रेसरने फुंकायची सवय मी मोडली. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो आणखी बारीक गाळतो, आणि जवळून मारलेल्या हवेने कागद फाटतो. नळीवर पंधरा दिसले की सरळ नवीन टाकतो.

हजार किलोमीटरनंतर मिस्त्रींनी पाइप काढून आत बोट फिरवलं. ग्रीस पांढरंच. बोट फडक्याला पुसत विचारलं, "आणि तो लाल खंय गेलो?"

मेव्हण्याला दिला. त्याची गाडी पणजीत असते.