आमच्या पीएचसीचा रिव्ह्यू: डॉक्टर चांगला, पण बॉण्डवरचा

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र. गावाचं नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रारी पण लिहिल्या आहेत आणि आमच्या सिस्टरबाईंना उगाच वरून फोन यायला नको. रेटिंग ५ पैकी साडेतीन. दोनेक वर्षांआधी विचारलं असतं तर एक दिला असता, तो पण आवारातल्या कडुनिंबाच्या सावलीसाठी.

पहिले पैशाचं सांगते, कारण बऱ्याच जणांना अजून माहीतच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केस पेपर, तपासणी, औषध सगळं फुकट आहे, म्हणजे पीएचसी, ग्रामीण रुग्णालय वगैरे. तरी म्हाताऱ्या बाया अजून खिडकीवर पदराची गाठ सोडतातच. मेडिकल कॉलेजचे दवाखाने त्या निर्णयात नव्हते, ते दुसऱ्या खात्याचे, पण हे कोणी समजावून सांगतं का? मग माणूस यवतमाळला मेडिकलमध्ये जाऊन पैसे भरून येतो आणि पारावर बसून सांगतो, "फुकट-बिकट काई नाई बाप्पा, सारं खोटं हाय," आणि तिकडच्या पावतीपायी इकडच्या पीएचसीवरचा भरवसा पण जातो. एका ओळीचा बोर्ड लावला तर पुरे, पण भिंतीवर योजनांची इतकी पोस्टरं आहेत की त्याला जागाच उरली नाही.

आधी कसं होतं ते आमच्या भागातल्या लोकांना सांगायची गरज नाही. रात्री गेलं की कुलूप, नाहीतर चिठ्ठी, "वर न्या". वर म्हणजे ग्रामीण रुग्णालय, ते म्हणणार यवतमाळ, यवतमाळवाले म्हणणार नागपूर नाहीतर सेवाग्राम, आणि प्रत्येक ठिकाणी पहिलेपासून तेच प्रश्न, कधीपासून दुखते, काय खाल्लं होतं. गाडीचं भाडं वेगळं. म्हणून लोक बिनडिग्रीच्या बंगाली डॉक्टरकडे जातात, त्यांना अडाणी म्हणून काही होत नाही. तो रात्री दार उघडतो, सलाईन लावतो, आणि पैसे कापूस विकल्यावर दे म्हणतो. त्याचं औषध चुकीचं असेल, असतंच बहुतेक वेळा, पण माणूस जागेवर सापडतो ना.

बदल झाला तो गेल्या पावसाळ्यात. शेजारच्या वयनीला रात्री गोठ्यात साप चावला. घरातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं होतं की आधी देवाजवळ न्या, पण तिच्या पोरानं ऐकलं नाही आणि गाडीवर मधात बसवून थेट पीएचसीत आणलं. नवीन डॉक्टर, वयानं अगदी पोरगा, क्वार्टरमध्येच राहतो हीच आमच्यासाठी मोठी बातमी. त्यानं तिचं थोडं रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत टाकलं, नळी टेबलावर आमच्या सगळ्यांच्या समोर उभी केली आणि वयनीच्या नवऱ्याला म्हणाला, "काका, घड्याळ तुम्ही पहा, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही." मग समजावलं की २० मिनिटांनी नळी तिरपी केली आणि रक्त गोठलेलं नसलं तर विष घोणस नाहीतर फुरशाचं, ते रक्त गोठू देत नाही. गोठलं म्हणून पण निर्धास्त व्हायचं नाही, मण्यार आणि नागाचं विष नळीत दिसत नाही, मण्यारचा तर दंशही कधीकधी दिसत नाही, त्याच्यासाठी पापण्या जड होतात का, बोलणं अडखळतं का, श्वास कसा आहे ते पहायचं. आमचा हा काका, जो सरकारी गोळी उकिरड्यावर फेकतो, तो घड्याळावरून नजर काढेना. नळी तिरपी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. लगेच सापाच्या विषावरची सलाईन चालू, रिॲक्शन आली तर म्हणून दुसरं इंजेक्शन आधीच भरून ठेवलेलं, आणि ते कशासाठी ते पण सांगितलं. १०८ येईपर्यंत त्यानं वरच्या दवाखान्यात फोन केला आणि चिठ्ठीवर काय किती वाजता दिलं ते लिहून दिलं. तिथं पोचल्यावर कोणी पहिलेपासून विचारलं नाही, पेशंट सरळ आत. वयनी आता ठणठणीत आहे, निंदायला जाते.

औषध तर आधीपण यायचं हो. पण आमच्या डोळ्यांदेखत, आम्हाला समजेल असं कोणी केलं नव्हतं. ती नळी आता गावात फेमस आहे, मांत्रिकाच्या घरचे पण साप चावला की इकडेच येतात. फवारणीचं पण तसंच, २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं बसली ते सगळ्यांना आठवते, आता सीझनला आशाताई घरोघरी सांगते की चक्कर-उलटी झाली तर झोपून राहू नका, औषधाचा डबा सोबत घेऊन या, म्हणजे कोणतं विष ते डॉक्टरला वाचता येते.

लसीचं थोडं वेगळं. ३१ जानेवारी २०२१ ला आमच्याच जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात १२ लेकरांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. लेकरं वाचली, पण त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडच्या बाया पोलिओच्या रविवारी दार लावून बसायच्या, माझी सासू त्यात पहिली. आमच्या सिस्टरबाईंनी यावर भाषण दिलं नाही. त्या आता डोस देण्याआधी बाटली आईच्या हातात देतात, नाव वाचायला लावतात आणि लेबलवरचा गोल दाखवतात. गोलाच्या आतला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिका असेल तर लस चांगली, सारखा किंवा गडद झाला असेल तर उष्णतेनं गेली, वापरायची नाही. सासूला वाचता येत नाही पण चौकोन पाहता येतो, आता तीच दुसऱ्यांच्या लेकरांच्या बाटल्या तपासत बसते, सिस्टरबाई वैतागतात कधीकधी.

आता दीड स्टार कशाचा कापला ते. बीपी-शुगरच्या गोळ्या. महिन्याच्या मिळायला पाहिजेत आणि दहा दिवसांच्या देतात, म्हणतात स्टॉक नाही. आता मजुरी बुडवून दर दहा दिवसांनी कोण येईल, मग गोळी बंद, आणि एक दिवस आबाजी लकवा मारून पडतात. स्टॉक नसतो हे समजू शकते, पण काय आहे आणि काय नाही ते सकाळीच फळ्यावर लिहा ना, माणूस ओपीडीच्या लाइनीत तीन तास बसून खिडकीवर 'नाही' ऐकतो तेव्हा त्याचं डोकं फिरतं. उपकेंद्रातून मोबाईलवर मोठ्या डॉक्टरशी बोलायची सोय आहे म्हणे, ई-संजीवनी, पण रेंज टाकीवर चढल्याशिवाय येत नाही. तक्रार पेटी आहे, तिची चावी ज्याची तक्रार करायची त्याच्याच ड्रॉवरमध्ये. रुग्ण कल्याण समिती कागदावर आहे, मेंबर कोण ते मेंबरांना तरी माहीत आहे का देव जाणे.

आणि नातेवाइकांना बसायला जागा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्रामचा दवाखाना बांधला तेव्हा आदिवासींनाच विचारलं होतं तुम्हाला कसा पाहिजे, लोकांनी सांगितलं आमच्या गावासारखा, झोपड्यांचा, सोबतच्या माणसाला राहता आलं पाहिजे, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. आमच्याकडे पण पैसे खर्च झाले, गेटला कमान आली आणि टाइल्स आल्या, इतक्या गुळगुळीत की पावसात म्हाताऱ्यांनी चप्पल काढूनच चालावं. बाळंतिणीची आई मात्र रात्रभर व्हरांड्यात पोत्यावर. एकदा विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं की टाइल्स नको, एक शेड आणि चूल पेटवायला जागा द्या.

खरी भीती वेगळीच आहे. हा डॉक्टर बॉण्डवरचा, सरकारी कॉलेजमधून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची सेवा करावी लागते त्यातला. वर्ष संपलं की पीजीच्या मागे जाईल, जावंच, त्याचं पण आयुष्य आहे. पण गावात लोक "डॉक्टर चांगला हाय" म्हणतात, "दवाखाना चांगला हाय" असं अजून कोणी म्हणत नाही. पुढचा जर रात्री यवतमाळला राहणारा आला तर सगळे परत बंगाल्याच्या ओट्यावर. म्हणून मला जास्त आशा सिस्टरबाईंकडून आहे, मागे डॉक्टर मिटिंगला गेलेले असताना एका सालदाराला साप चावला तेव्हा त्यांनीच नळी लावली, त्यांनीच डॉक्टरला आणि वर फोन केले, घड्याळ पण घरच्यांच्याच हातात दिलं. नवीन डॉक्टर आल्यावर रिव्ह्यू अपडेट करीन, तोवर साडेतीनच ठेवते.